अवि, अश्व आणि च : मूळ भाषेच्या शोधाची बदलती उत्तरे

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या वाचनालयात बोलण्याचा मान मिळणे ही मोठी गोष्ट आहे. माळव्यात, हिंदीच्या शेजारात राहून मराठी ग्रंथसंग्रह पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचा, वर्गणी गोळा करायची, वाळवीपासून पुस्तके वाचवायची, हे काम किती कष्टाचे असते हे आपण सारे जाणतोच. त्या कष्टांना प्रथम वंदन करून मी आजच्या विषयाकडे वळतो.

माझा विषय कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भविभागात वाचकाला पडणाऱ्या एका प्रश्नातून निघाला आहे. समजा, 'स्थान' या शब्दाचे मूळ एखाद्याला पाहायचे आहे. संस्कृत 'स्था' हा धातू त्याला ठाऊक आहे. लॅटिन 'स्तारे', इंग्रजी 'स्टँड' आणि आपले 'ठाण', 'ठाव' हे त्याच कुळातले, हेही त्याने ऐकलेले आहे. या सर्वांच्या मागे जी मूळ भाषा मानतात, तिच्यातले रूप त्याला हवे आहे. युलिउस पोकोर्नी यांच्या १९५९ च्या कोशात त्याला '*स्ता' असे रूप मिळते. हेल्मुट रिक्स यांच्या संपादनाखाली १९९८ मध्ये निघालेल्या आणि २००१ मध्ये सुधारून छापलेल्या धातुकोशात त्याच ठिकाणी '*स्तेह२' असे काहीतरी दिसते. वाचक गोंधळतो. जो शब्द पाच हजार वर्षांपूर्वी कोणी बोलून गेले, तो चाळीस वर्षांत बदलला कसा? यातले खरे कोणते? आणि जे शास्त्र आपली उत्तरे अशी फिरवते, त्याच्यावर विश्वास तरी का ठेवावा?

हा प्रश्न रास्त आहे. त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊन चालणार नाही, कारण या मूळ शब्दांवर पुढे फार मोठे इमले उठविले गेले आहेत : संस्कृतीचे, वंशांचे, इतकेच काय, राजकारणाचेही. म्हणून ते शब्द कसे घडविले जातात आणि का बदलतात, हे आपण थोडे बारकाईने पाहू.

प्रथम त्या तारकेविषयी. कोशात शब्दाच्या डाव्या खांद्यावर जी तारका दिसते, तिचा अर्थ असा की हा शब्द कोणत्याही शिलालेखात, पोथीत किंवा कोणाच्या तोंडी मिळालेला नाही. मिळालेल्या शब्दांच्या तुलनेतून तो अनुमानाने सिद्ध केलेला आहे. हे अनुमान कसे चालते, हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. घरात आपण 'हात' म्हणतो, रस्त्यावर 'हाथ' ऐकतो. गुजराती शेजारीही 'हाथ' म्हणतो आणि पंजाबी माणूस 'हत्थ' म्हणतो. आता अशी कल्पना करा की संस्कृत आणि प्राकृत वाङ्मय पूर्णपणे नष्ट झाले आहे आणि केवळ या चार बोलींवरून त्यांचे मूळ रूप शोधायचे आहे. महाप्राण थ तीन ठिकाणी आहे, द्वित्त एका ठिकाणी टिकले आहे, आणि इतरत्र द्वित्त गेल्यामुळे मागचा स्वर दीर्घ झाला आहे. एवढ्यावरून विचारी माणूस '*हत्थ' हे रूप मांडील. आणि प्राकृतात खरोखर 'हत्थ' असेच रूप आहे! पद्धत कसोटीला उतरली.

पण ती कोठे थांबली, हेही पाहिले पाहिजे. संस्कृत शब्द 'हस्त' आहे. त्यातल्या सकाराचा मागमूस या चारही बोलींत नाही. तो केवळ त्यांच्या आधाराने कोणालाही सापडला नसता. तो सापडला असता एका अनपेक्षित साक्षीदारामुळे. आपण 'दस्तऐवज' म्हणतो, 'दस्तखत' म्हणतो. त्यांतला फारसी 'दस्त' म्हणजे हातच. संस्कृत हकाराच्या जागी जुन्या इराणी बोलींत दकार येतो, हे इतर शब्दांवरून कळले की 'दस्त' हा 'हस्त'चा सख्खा भाऊ ठरतो आणि हरवलेला सकार हाती येतो. तसेच 'सात' आणि 'भात' या शब्दांचे. दोन्हींत आज केवळ त आहे. एकाच्या मागे 'सप्त' आणि दुसऱ्याच्या मागे 'भक्त' आहे, हे मराठीवरून कळणे शक्य नाही. मात्र महिन्याच्या हप्त्याने पैसे भरताना आपण जो 'हप्ता' शब्द वापरतो, तो फारसी 'हफ्त' म्हणजे सात यावरून आलेला आहे आणि त्याने ओष्ठ्य वर्ण जपून ठेवला आहे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की पुनर्रचित रूप म्हणजे त्या दिवसापर्यंत उपलब्ध असलेल्या साक्षींचा गोषवारा होय. दुसरी ही, की नवा साक्षीदार उभा राहिला किंवा जुन्याची साक्ष अधिक नीट ऐकली गेली, की गोषवारा बदलणे भागच असते. जुना अभ्यासक '*हत्थ' म्हणाला तेव्हा तो खोटे बोलला नव्हता. त्याच्यापुढे आलेल्या पुराव्यांतून तेवढेच निघत होते.

आता मूळ भारत-युरोपीय भाषेकडे येऊ. आपल्या भाषा आणि ग्रीक-लॅटिन यांच्या रचनेत साम्य आहे, ही गोष्ट गोव्यातून १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात फादर स्टीफन्स यांनी नोंदविली होती. 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते पत्र मात्र त्या काळच्या अभ्यासकांपर्यंत पोचले नाही. पुढे २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज शिल्लक नसेल, असे विधान केले. १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप यांनी क्रियापदांची पद्धतशीर तुलना केली आणि शास्त्राचा पाया घातला. ही माहिती सर्वश्रुत आहे, म्हणून मी तीत रेंगाळत नाही.

ज्यांच्यामुळे तारकेचा वापर रूढ झाला, त्या आउगुस्ट श्लायशर यांनी १८६८ मध्ये एक धाडस केले. त्यांनी मूळ भाषेत एक छोटी गोष्ट रचली. तिचा विषय मेंढी आणि घोडे. गोष्ट त्यांचीच, शब्दही त्यांनीच पुनर्रचित केलेले. मेंढीला त्यांनी '*अविस्' म्हटले, घोड्याला '*अक्वस्', आणि 'आणि' या अर्थी '*क'. संस्कृत जाणणाऱ्याला हे तिन्ही शब्द चटकन ओळखू येतात : अवि, अश्व, च. पुढे १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्मान हिर्ट यांच्या पुस्तकात हीच गोष्ट नव्याने लिहिलेली आढळते आणि तेथे 'ओविस्', 'एक्वोस्', 'क्वे' अशी रूपे आहेत. १९७९ मध्ये लेमान आणि झ्गुस्ता यांनी ती पुन्हा लिहिली. त्यानंतरच्या आवृत्त्यांत 'ह२ओविस्' आणि 'ह१एक्वोस्' अशी, बीजगणिताची आठवण करून देणारी रूपे आली. २०१३ मध्ये अँड्र्यू बर्ड यांनी तर ती गोष्ट नव्या रूपांत म्हणून ध्वनिमुद्रितही केली. एकच गोष्ट दीडशे वर्षे पुन्हा पुन्हा लिहिली जात आहे. या तीन शब्दांचा मागोवा घेतला, तर या शास्त्राचा बहुतेक इतिहास आपल्या हाती येतो.

लहानग्या 'च'पासून सुरुवात करू. श्लायशर यांच्या काळी अशी समजूत होती की संस्कृतातला अकार हाच मूळ स्वर. ग्रीक आणि लॅटिन भाषांनी पुढे त्याचे अ, ए, ओ असे तीन तुकडे केले. संस्कृत ही जननी नसली तरी थोरली बहीण, तेव्हा तिचे स्वर मूळचे असणार, असा तो विश्वास. १८७० च्या दशकात या विश्वासाला धक्का बसला; आणि नवलाची गोष्ट अशी की तो धक्का संस्कृतनेच दिला.

'कृ' धातूचे परोक्ष भूतकाळाचे रूप आपण 'चकार' असे शिकलो. धातूची द्विरुक्ती करायची तर 'ककार' का नाही? 'गम्'चे 'जगाम', 'हन्'चे 'जघान'. अशा द्विरुक्तीत कवर्गाच्या जागी चवर्ग येतो, असा नियम पाणिनीने सातव्या अध्यायात सांगितला आहे. त्याने वस्तुस्थिती अचूक नोंदविली. तिचे कारण मात्र इतिहासात दडलेले होते. अशा रूपांच्या पहिल्या अक्षरात ग्रीक भाषेत एकार असतो आणि दुसऱ्यात ओकार. तालव्य स्वराच्या सान्निध्यात कंठ्य व्यंजन तालव्य होते, हा तर उच्चाराचा साधा धर्म आहे. म्हणजे मूळ रूप 'क्वे-क्वोर' अशा घडणीचे असले पाहिजे. एकारापुढे क्-चा च् झाला, ओकारापुढे तो क्-च राहिला, आणि नंतर संस्कृतात ए आणि ओ हे दोन्ही ऱ्हस्व स्वर अकारात विलीन झाले. स्वर गेले, पण जाताना व्यंजनांवर आपला ठसा ठेवून गेले. 'पचति' पण 'पाक', 'त्यजति' पण 'त्याग', 'भजति' पण 'भाग' या जोड्या त्याच घडामोडीच्या खुणा आहेत. 'चक्र' हा शब्द पाहा : पहिले व्यंजन च, दुसरे क. ग्रीक 'कुक्लोस्', इंग्रजी 'व्हील' आणि आपले साधे बैलगाडीचे 'चाक' ही त्याच शब्दाची लेकरे.

ज्यांना हे फार दूरचे वाटत असेल त्यांनी 'माझा' आणि 'माझी' हे दोन शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. लिहिताना झ एकच, बोलताना दोन. 'माझा'तला झ दंत्य, 'माझी'तला तालव्य, आणि हा फरक पुढच्या स्वराने घडविलेला आहे. आता अशी कल्पना करा की आणखी हजार वर्षांनी मराठीचे अंत्य स्वर झिजून एकसारखे झाले, पण झकाराचे दोन उच्चार तेवढे टिकले. त्या काळचा जाणता अभ्यासक त्या दोन झकारांवरून म्हणेल की येथे पूर्वी दोन वेगळे स्वर असले पाहिजेत. १८७० च्या दशकात अनेक संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळजवळ एकाच वेळी, संस्कृतविषयी हेच म्हटले. श्लायशर यांचा '*क' त्यामुळे 'क्वे' झाला. ग्रीक 'ते' आणि लॅटिन 'क्वे' यांच्याशी तो जुळला. 'अविस्'चा 'ओविस्' झाला, 'अक्वस्'चा 'एक्वोस्'.

संस्कृतचे थोरलेपण स्वरांच्या बाबतीत गेले, याचे अनेकांना वाईट वाटले असेल. मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. ग्रीक भाषेने स्वर जपले, संस्कृतने त्या स्वरांचा पुरावा व्यंजनांत जपला, आणि दोघींच्या साक्षी जुळल्या तेव्हा निवाडा झाला.

आता दुसरा शब्द, 'अवि'. लॅटिन 'ओविस्', लिथुआनियन 'अविस्', इंग्रजी 'यू' ही त्याची भावंडे. साऱ्यांच्या आरंभी स्वर आहे. तेव्हा मूळ शब्दही स्वराने सुरू होत होता, याविषयी शंका घेण्याचे कोणालाच कारण नव्हते. शंका आली ती दुसऱ्याच वाटेने.

फेर्दिनां द सोस्यूर हे नाव आधुनिक भाषाविज्ञानाचे प्रवर्तक म्हणून आपण ऐकतो. पण वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी मूळ भाषेच्या स्वरांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच्यावर १८७९ हे वर्ष छापलेले आहे. धातूंच्या घडणीत त्यांना एक विलक्षण नियमितता दिसली. काही धातू मात्र त्या नियमाला अपवाद ठरत. सोस्यूर यांनी असे मांडले की हे अपवाद नव्हेतच. या धातूंत पूर्वी आणखी एक वर्ण होता, तो सर्व ज्ञात भाषांतून नाहीसा झाला आणि जाताना शेजारच्या स्वराला दीर्घ करून, त्याचा रंग पालटून गेला. असे दोन वर्ण त्यांनी मानले. कोपनहेगनचे हर्मान म्योलर यांनी तिसरा जोडला. पाश्चात्य ग्रंथांत या वर्णांना 'लॅरिंजियल' म्हणतात. आपण त्यांना कंठमूलीय म्हणू. त्यांचे नेमके उच्चार ठाऊक नसल्याने ते ह१, ह२, ह३ असे आकड्यांनी दर्शविले जातात. कोणत्याही भाषेत न सापडणारे वर्ण एका तरुणाने केवळ हिशेबाने मांडावेत, हे त्या काळच्या बहुतेक विद्वानांना रुचले नाही.

१९०६ मध्ये तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे मातीच्या विटांवर कोरलेल्या लेखांचा मोठा संग्रह सापडू लागला. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी यांनी दाखवून दिले की या लेखांची हित्ती भाषा भारत-युरोपीय कुळातली आहे. आणि १९२७ मध्ये पोलंडचे येर्झी कुरिलोविच यांनी निदर्शनास आणले की हित्ती भाषेत काही विशिष्ट जागी हकारासारखे एक व्यंजन लिहिलेले आढळते. त्या जागा नेमक्या सोस्यूर यांच्या हरवलेल्या वर्णाच्या आहेत. संस्कृत 'अन्ति', लॅटिन 'आन्ते', हित्ती 'हन्ति'. संस्कृत 'अस्थि', ग्रीक 'ओस्तेओन्', हित्ती 'हस्ताइ'. हित्तीची बहीण असलेल्या लुवी भाषेत मेंढीला 'हावि' म्हणत. अशा रीतीने आपल्या 'अवि'च्या आरंभी जो वर्ण उभा राहिला, तो तीन हजारांहून अधिक वर्षे मातीखाली पडून होता. सोस्यूर १९१३ मध्येच वारले होते. आपले गणित बरोबर आल्याचे त्यांना पाहायला मिळाले नाही.

येथेही संस्कृतची साक्ष थोडी थांबून ऐकण्यासारखी आहे. 'हन्'चे 'हत', 'मन्'चे 'मत', 'गम्'चे 'गत'. मग 'जन्'चे 'जत' का नाही, 'जात' का? 'खन्'चे 'खात' का? पुन्हा, 'हन्तुम्' पण 'जनितुम्', 'मन्तुम्' पण 'खनितुम्'. आपल्या वैयाकरणांनी धातूंचे सेट् आणि अनिट् असे दोन वर्ग केले आणि कोणत्या धातूला मध्ये इकार घ्यायचा व कोणत्याला नाही, हे धातुपाठात नोंदवून ठेवले. पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला हा निव्वळ जाच वाटतो. आधुनिक शास्त्र सांगते की 'जन्' धातूच्या शेवटी मूळचा एक कंठमूलीय वर्ण होता. तो दोन व्यंजनांमध्ये सापडला की संस्कृतात इ होतो, म्हणून 'जनितुम्'. अनुस्वारासारख्या स्वरित नकाराला लागून आला की त्याचा दीर्घ आ होतो, म्हणून 'जात'. 'हन्'च्या शेवटी असा वर्ण नव्हता. तेव्हा ज्या वर्णाचे अस्तित्व युरोपला १८७९ मध्ये सुचले, त्याच्या पाऊलखुणांची यादी आपल्या वैयाकरणांनी दोन हजारांहून अधिक वर्षे आधी करून ठेवली होती. त्यांना तो वर्ण ठाऊक होता, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी खुणा प्रामाणिकपणे जपल्या आणि त्या खुणांचे मोल हित्ती विटांमुळे पुढे कळले.

आता व्याख्यानाच्या आरंभीचे कोडे सुटते. 'स्था' धातूचे पोकोर्नी यांनी दिलेले '*स्ता' आणि रिक्स यांच्या कोशातले '*स्तेह२' यांत विरोध नाही. पहिल्यातला दीर्घ आ दुसऱ्यात फोडून दाखविला आहे : एकार अधिक ह२. शिवाय त्यामुळे एक जुनी अडचण दूर झाली. लॅटिनमध्ये साधा त असताना संस्कृत 'स्था'त थ कोठून आला? 'तिष्ठति'सारख्या रूपात त आणि ह२ शेजारी आले आणि त्यांचा थ झाला. ग्रीक 'प्लातुस्' आणि आपला 'पृथु' यांचेही हेच. पोकोर्नी यांचा कोश १९५९ मध्ये निघाला, तेव्हा कुरिलोविच यांच्या शोधाला बत्तीस वर्षे झाली होती. तरीही त्यांनी नवी पद्धत स्वीकारली नाही. म्हणजे उत्तर कधीकधी पुराव्याअभावी जुने राहते, तसे ते विद्वानांच्या सावधपणामुळेही जुने राहते. उलट, व्हिएन्नाचे मानफ्रेड मायरहोफर यांनी संस्कृतचा व्युत्पत्तिकोश १९८० मध्ये पूर्ण केला आणि पुढे त्यावर समाधान न मानता तेच काम नव्याने हाती घेऊन २००१ मध्ये दुसरा कोश पुरा केला. एका माणसाने एकाच आयुष्यात आपलाच कोश दोनदा लिहिणे, हे या शास्त्राच्या वृत्तीचे उत्तम उदाहरण आहे.

राहिला तिसरा शब्द, 'अश्व'. त्याच्या आरंभी हल्ली ह१ लिहितात. पण 'अवि'च्या ह-ला जसा लुवी भाषेचा लेखी पुरावा आहे, तसा या ह१-ला नाही. हित्तीच्या भगिनी भाषांत घोड्याचा शब्द सापडतो. त्याच्या आरंभी हकार नाही. मग ह१ का लिहायचा? तर मूळ भाषेत एकही धातू स्वराने सुरू होत नसे, असा जो सर्वसाधारण नियम बहुतेक अभ्यासक मानतात, त्याच्या आधारे. शिवाय ग्रीक 'हिप्पोस्'मधला आरंभीचा हकार आणि इकार अजूनही समाधानकारक रीतीने उलगडलेले नाहीत. यावरून ध्यानात येईल की दोन शब्दांच्या आरंभी सारखेच दिसणारे चिन्ह सारख्याच वजनाचे नसते. एकामागे प्रत्यक्ष साक्ष आहे, दुसऱ्यामागे केवळ नियमाचे सातत्य. कोशात दोन्हींवर एकच तारका असते. हा भेद वाचकाने स्वतः विचारून घेतला पाहिजे.

आणि एक कोडे सुटले की दुसरे उभे राहते. श्लायशर यांच्यानंतरच्या पिढीने, विशेषतः कार्ल ब्रुगमान यांनी, संस्कृतच्या नमुन्यावर त, थ, द, ध अशा चारही ओळी मूळ भाषेत मानल्या होत्या. कंठमूलीय वर्णांमुळे थ उलगडला, तेव्हा त, द, ध अशा तीनच ओळी उरल्या. त्यावर रोमान याकोबसन यांनी १९५० च्या दशकात आक्षेप घेतला की ज्या भाषेत थ नाही पण ध आहे, अशी भाषा जगात दाखवा. त्यातून १९७० च्या दशकात जॉर्जियाचे गामक्रेलिद्झे, रशियाचे इवानोव आणि स्वतंत्रपणे अमेरिकेचे पॉल हॉपर यांनी वेगळी मांडणी केली : आपण ज्याला द समजतो तो मुळात घोषवर्ण नव्हताच, तर कंठद्वार मिटून उच्चारलेला एक निराळा त होता, असे वर्ण जॉर्जियन भाषेत आजही आहेत. ही मांडणी सर्वमान्य झालेली नाही. बहुतेक कोश अजून जुन्याच पद्धतीने लिहिले जातात. पण तो वाद मिटलेला नाही आणि उद्याचा कोश आजच्यासारखा असेलच, अशी हमी कोणी देऊ नये.

इतके बदल पाहिल्यावर श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, मग टिकले तरी काय? टिकले ते समीकरण. 'अवि', 'ओविस्', 'हावि' हे एकाच शब्दाचे वंशज आहेत, हे विधान श्लायशरच्या काळापासून ढळले नाही. प्रत्येक नव्या शोधाने ते अधिक पक्केच झाले. बदलले ते त्यांना जोडणारे सूत्र. अर्थात काही समीकरणेही मोडली. 'वरुण' म्हणजे ग्रीक 'उरानोस्', हे आपल्याकडच्या जुन्या लेखकांचे आवडते समीकरण. ध्वनिनियमांना ते उतरत नाही, म्हणून बहुतेकांनी ते सोडून दिले. 'देव' आणि लॅटिन 'देउस्' यांचे नाते पक्के. पण तितकाच जवळचा वाटणारा ग्रीक 'थेओस्' त्या घरातला नाही. कानाला जे सारखे वाटते ते नाते नव्हे, हा धडा शास्त्राने आपल्याला शिकविला.

म्हणूनच या तारांकित शब्दांवर इतिहास उभारताना जपले पाहिजे. घोड्याचा शब्द होता, तेव्हा घोडा ठाऊक होता, एवढे म्हणता येते. त्या शब्दाचा उच्चार करणाऱ्यांचे रंगरूप, वंश, श्रेष्ठत्व यांविषयी तो शब्द काहीही सांगत नाही. विसाव्या शतकात युरोपात 'आर्य' या एका शब्दावरून मानववंशाचे उच्चनीच ठरविले गेले आणि त्याचे फळ लक्षावधी निरपराध माणसांना भोगावे लागले. आपल्याकडेही संस्कृतच सर्व भाषांची जननी, असे ठासून सांगणारे आहेत आणि हे सारे परक्यांचे कारस्थान, असे म्हणणारेही आहेत. दोघांनीही 'चकार' आणि 'जात' ही दोन रूपे शांतपणे उलगडून पाहावीत, एवढीच माझी विनंती. संस्कृतचे मोठेपण तिच्या साक्षीत आहे. त्यासाठी तिला जननी ठरविण्याची गरज नाही.

शेवटी, ग्रंथालयाच्या दृष्टीने दोन शब्द. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये मुंबईस भाषाशास्त्रावर व्याख्याने दिली. डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांचे तौलनिक भाषाशास्त्राचे पुस्तक १९१८ मध्ये पुण्यास निघाले. कुरिलोविच यांच्या शोधाचा उल्लेख त्यात असणे शक्यच नव्हते. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ चा, आणि राल्फ टर्नर यांचा आर्यभारतीय भाषांचा तौलनिक कोश १९६० च्या दशकातला. असे ग्रंथ कालबाह्य म्हणून काढून टाकण्याचा मोह नव्या समित्यांना होतो. माझे सांगणे असे की ते ठेवावेत आणि त्यांच्या शेजारी नवे आणून ठेवावेत. वाचकालाही माझी एक सूचना आहे. वहीत मूळ शब्द उतरून घ्याल तेव्हा त्याच्यापुढे ग्रंथाचे नाव आणि वर्षही लिहा. '*स्ता, १९५९' आणि '*स्तेह२, २००१' असे लिहिले की गोंधळ उरत नाही.

दुसरी गोष्ट माळव्यातल्या, बडोद्यातल्या, बेळगावातल्या, तंजावरातल्या आपणा सर्वांविषयी. या शास्त्राचे निर्णायक पुरावे बहुधा केंद्राबाहेरून आले, हे आपल्या ध्यानात आले असेल. एक पुरावा मृत हित्ती भाषेने दिला, एक लिथुआनियाच्या शेतकऱ्यांच्या बोलीने दिला. मुख्य प्रदेशापासून दूर पडलेली बोली कधी शेजारणीचे रंग घेते, तर कधी घरी पुसून गेलेले जुने रूप सांभाळते. आपल्या घरांतल्या वृद्ध माणसांच्या तोंडी अजून 'माझा' आणि 'माझी' यांतले दोन झ स्पष्ट वेगळे ऐकू येतात. हिंदी शाळेत शिकणाऱ्या नातवंडांच्या तोंडी ते पुष्कळदा एकच होतात. यात कोणाचा दोष नाही. भाषा अशाच चालतात. पण ते वृद्ध उच्चार, ते शब्द, ओव्या आणि म्हणी आज ध्वनिमुद्रित करून या वाचनालयात ठेवल्या, तर शंभर वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला त्याचा गोषवारा दुरुस्त करण्यासाठी एक साक्षीदार मिळेल. त्या कामास वाचनालयाने शताब्दीच्या या वर्षातच आरंभ करावा, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे.